विश्लेषण : बाळ जुलाबाने दगावले की कुपोषणाने? हा प्रश्नच का चुकतो?

पावसाळा सुरू झाला की मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागांतून बालमृत्यूंच्या बातम्या येऊ लागतात. पाठोपाठ एक ठरलेला वादही सुरू होतो. गावात काम करणारे कार्यकर्ते म्हणतात, बाळ कुपोषणाने गेले. प्रशासनाचा खुलासा येतो, मृत्यू कुपोषणाने नव्हे, आजाराने झाला. आजार म्हणून बऱ्याचदा जुलाबाचे, म्हणजे अतिसाराचे नाव असते.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे पर्याय नाहीतच. जुलाब बाळाला कुपोषित करतात आणि कुपोषण त्याच बाळाला पुन्हा जुलाबाच्या तोंडी देते. हे चक्र कसे फिरते, ते कुठे तोडता येते आणि त्यात घरच्यांचा व यंत्रणेचा वाटा किती, याचा हा आढावा.

मृत्यूच्या नोंदीत कुपोषण दिसत का नाही?

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात सर्वांत वर तात्काळ कारण आणि त्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ती कारणे क्रमाने लिहायची असतात. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर अवस्था येतात.

जुलाबाने शरीरातील पाणी संपून बाळ दगावले, तर वर ‘निर्जलीकरण’ आणि खाली ‘अतिसार’ असे लिहिले जाते. कुपोषणाला जागा मिळते ती दुसऱ्या भागात, तीही डॉक्टरांनी आठवणीने लिहिले तर. आकडेवारी तयार होताना मात्र प्रत्येक मृत्यूमागे एकच मूळ कारण मोजले जाते. साहजिकच कुपोषण मागे पडते. मृत्यू घरी झाला असेल, तर असे प्रमाणपत्रही नसते. मग घरच्यांना विचारून कारणाचा अंदाज बांधावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्या मृत्यूंशी अल्पपोषणाचा संबंध असतो. याचा अर्थ ही सारी मुले उपासमारीने मरतात असा नव्हे. धडधाकट मूल ज्या साध्या आजारातून चार दिवसांत उठते, त्याच आजारात कुपोषित मूल दगावते, असा त्याचा अर्थ आहे. तीव्र कुपोषित मुलाला मृत्यूचा धोका सुदृढ मुलाच्या तुलनेत सुमारे अकरा ते बारा पट अधिक असतो.

समस्या किती मोठी आहे?

जगभरात मुलांना दरवर्षी जुलाबाचे सुमारे १.७ अब्ज आजार होतात आणि पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले त्यात दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक महिना ते पाच वर्षे या वयातील मृत्यूंचे हे तिसऱ्या क्रमांकाचे कारण आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, १९.३ टक्के उंचीच्या मानाने कृश आणि ३२.१ टक्के कमी वजनाची आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ३५.२, २५.६ आणि ३६.१ टक्के होते. म्हणजे दरडोई उत्पन्नात पुढे असलेल्या या राज्यात कृश मुलांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. अतिकृश मुले देशात ७.७ टक्के, तर महाराष्ट्रात १०.९ टक्के होती.

खुजेपणा ही दीर्घकाळच्या तुटीची खूण असते. कृशपणा मात्र अलीकडच्या काळात वजन झपाट्याने उतरल्याचे किंवा वाढलेच नसल्याचे दाखवतो. वजन असे उतरवणाऱ्या कारणांत जुलाब ठळक आहेत.

जुलाबामुळे बाळ कुपोषित कसे होते?

एकाच वेळी चार बाजूंनी तूट सुरू होते.

पहिली बाजू भुकेची. आजारी बाळाचे तोंड मिटते. ताप, मळमळ आणि उलट्यांमुळे ते घास नाकारते. त्यात ‘पोटाला आराम द्या’ म्हणून घरचेही जेवण तोडतात. कुठे नुसत्या तांदळाच्या पाण्यावर ठेवले जाते, तर कुठे आईचे दूधही थांबवले जाते.

दुसरी बाजू शोषणाची. लहान आतड्याच्या आतल्या भिंतीवर बारीक केसांसारखे उंचवटे असतात. अन्नातील पोषक घटक त्यांच्यामार्फत रक्तात जातात. जंतुसंसर्गात हे उंचवटे झिजून बोथट होतात. दुधातील साखर पचवणारे विकर याच उंचवट्यांच्या टोकाला तयार होते, तेही काही काळ कमी पडते. खाल्लेले अन्न मग अर्धवट पचून बाहेर पडते.

तिसरी बाजू थेट गळतीची. पातळ शौचातून पाणी आणि क्षार जातात, तसेच झिंकही जाते. झिंक हे आतड्याच्या दुरुस्तीसाठी आणि रोगप्रतिकारशक्तीसाठी लागणारे खनिज आहे. दुरुस्तीचे सामान सर्वाधिक गरज असतानाच वाहून जाते.

चौथी बाजू वाढलेल्या खर्चाची. ताप आणि जंतूंशी लढा यात शरीराची ऊर्जा जास्त खर्च होते. बाहेरून पुरवठा नसल्याने शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून ती भागवते.

साधे गणित मांडले तर नुकसानीचा अंदाज येतो. गरीब देशांत तीन वर्षांखालील मुलाला वर्षातून सरासरी तीनदा जुलाब होतात. प्रत्येक वेळी आजाराचा एक आठवडा आणि भरपाईचे दोन आठवडे धरले, तरी वर्षातले नऊ आठवडे वाढ थांबण्यात किंवा झीज भरून काढण्यात जातात. पुरेसे अन्न मिळणारे मूल ही झीज भरून काढते. ज्याला ते मिळत नाही, त्याची झीज तशीच राहते आणि पुढचा आजार त्याच खालच्या वजनावर येऊन आदळतो.

आणि कुपोषित बाळाला जुलाब जास्त का होतात?

आता चक्राची दुसरी बाजू. आतड्याचे अस्तर ही शरीरातील सर्वांत वेगाने बदलणारी भिंत आहे. तिच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि नव्या तयार होतात. त्यासाठी प्रथिने, झिंक आणि अ जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर भिंत पातळ राहते आणि जंतूंना वाट मिळते.

पोटातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे पहिले फाटक. कुपोषणात ते कमी होते. जंतूंशी लढणाऱ्या पेशी जिथे तयार होतात ती छातीतील थायमस ग्रंथीही आक्रसते. त्यामुळे ज्या घोटभर दूषित पाण्याने शेजारच्या बाळाला काही होत नाही, त्याच पाण्याने हे बाळ आजारी पडते. आजार लांबतो आणि पुन्हा पुन्हा होतो. चौदा दिवस किंवा अधिक काळ टिकणाऱ्या जुलाबाला ‘दीर्घकालीन अतिसार’ म्हणतात. तो कुपोषित मुलांत जास्त दिसतो.

अभियांत्रिकीत याला ‘पॉझिटिव्ह फीडबॅक लूप’ म्हणतात. बाहेर पडणारा परिणामच पुन्हा कारण बनून आत शिरतो आणि प्रत्येक फेरीला बिघाड वाढतो. इथे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दात चांगले काही नाही.

याला पुरावा काय?

पोषण आणि संसर्ग एकमेकांना वाढवतात, ही मांडणी नवी नाही. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात ती सविस्तर केली होती. यातील टेलर यांनी पंजाबातील नारंगवाल येथे पोषण आणि आरोग्यसेवा एकत्र आणि वेगवेगळ्या देऊन त्यांचे परिणाम तपासणारा प्रकल्पही चालवला होता.

२००८ मध्ये पाच देशांतील नऊ अभ्यासांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन वर्षांत जुलाबाचा प्रत्येक आजार दुसऱ्या वाढदिवसाला मूल खुजे असण्याची शक्यता वाढवतो, असे त्यात दिसले. दोन वर्षांच्या मुलांतील खुजेपणापैकी सुमारे एकचतुर्थांश वाटा पाच किंवा त्याहून अधिक वेळा झालेल्या जुलाबांना देता येतो, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

नंतर भारतातील वेल्लोरसह आठ देशांत झालेल्या ‘माल-एड’ अभ्यासाने आणखी एक धक्का दिला. जुलाब नसलेल्या मुलांच्या शौचातही शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया यांसारखे जंतू मोठ्या प्रमाणात सापडले आणि अशा मूक संसर्गाचा संबंधही कमी उंचीशी दिसला. म्हणजे वर्षातून तीनदा दिसणारे जुलाब हे हिमनगाचे टोक. वरून ठीक दिसणारे बाळही आतून जंतूंशी झगडत असू शकते. आतड्याच्या या कायम सुजलेल्या, गळक्या अवस्थेचा अभ्यास आता स्वतंत्रपणे होतो.

सहा महिने ते दोन वर्षे हाच काळ नाजूक का?

सहा महिन्यांपर्यंत बाळ फक्त आईच्या दुधावर असेल, तर बाहेरचे जंतू पोटात जाण्याची वाट जवळजवळ बंद असते. दुधातून प्रतिपिंडेही मिळतात. मात्र देशात या वयातील ६३.७ टक्के बाळांनाच निव्वळ स्तनपान मिळते. बाकीच्यांना पाणी, घुटी किंवा वरचे दूध सुरू झालेले असते.

सहा महिन्यांनंतर वरचे अन्न गरजेचे असते. त्याच सुमारास बाळ रांगू लागते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. अंगणातील माती, कोंबड्यांची विष्ठा, ताटातील गार झालेले अन्न, सारे पोटात जाते. संसर्गाची दारे उघडतात, त्याच वेळी ताटात मात्र पुरेसे पडत नाही. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी किमान पुरेसा आहार मिळणारी मुले देशात फक्त ११.३ टक्के आहेत. भात आणि वरणाचे पाणी यावर पोट भरते, पण डाळ, अंडे, भाजी, तेल यांची तूट राहते.

याच काळात दातही येतात. म्हणून ‘दात येताना जुलाब होतातच’ असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. दात येण्याने जुलाब होत नाहीत. हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ वस्तू तोंडात घालते आणि त्यावरचे जंतू पोटात जातात.

पावसाळ्यातच धोका का वाढतो?

आदिवासी भागात पावसाळ्यात अनेक गोष्टी एकत्र येतात. पहिल्या पावसाचे पाणी उघड्यावरची घाण विहिरी आणि झऱ्यांत नेते. घरातले गेल्या हंगामातले धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक यायला अवकाश असतो. पेरणी आणि भातलावणीसाठी आई दिवसभर शेतात असते, बाळ मोठ्या भावंडाकडे. ओढ्यांना पूर आला की दवाखान्याचा रस्ता तुटतो. जंतू वाढतात, ताट रिकामे होते आणि उपचार लांब जातात, हे सारे एकाच दोन-तीन महिन्यांत घडते.

स्थलांतराची भर त्यात आधीच पडलेली असते. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मराठवाड्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सहा महिने बाळाची अंगणवाडी सुटते. वजन, लस, पोषण आहार यांची साखळी तुटते. ही कुटुंबे परततात ती नेमकी पावसाच्या तोंडावर.

कुपोषित बाळातील लक्षणे फसवी कशी असतात?

शरीरातील पाणी किती कमी झाले, हे पाहण्यासाठी डॉक्टर पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती हळूहळू पूर्ववत झाली तर पाणी कमी झाले, असा ठोकताळा आहे. पण अतिकृश बाळाच्या कातडीखालची चरबीच गेलेली असते. जुलाब नसतानाही त्याची कातडी तशीच सैल आणि डोळे खोल दिसतात. उलट, अंगावर सूज आलेले कुपोषित बाळ भरलेले दिसते, पण त्याच्या रक्तवाहिन्यांत पाणी कमी असू शकते.

चूक दोन्हीकडे होऊ शकते. पाणी कमी समजून शिरेतून भराभर सलाइन दिले, तर कुपोषणाने दुबळे झालेले हृदय तो भार पेलू शकत नाही. म्हणून तीव्र कुपोषित बाळाला शॉकची स्थिती वगळता सलाइन न देता तोंडाने किंवा नळीने सावकाश द्रव द्यावा, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच्यासाठी क्षारांचे प्रमाणही वेगळे लागते. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त.

अशा बाळाला गंभीर संसर्ग असूनही कधीकधी ताप येत नाही. उलट अंग थंड पडते आणि रक्तातील साखर घसरते. म्हणून ‘ताप नाही, म्हणजे फार काही नाही’ हा अंदाज इथे जीवघेणा ठरू शकतो. तीव्र कुपोषित बाळाला जुलाब लागले, तर ते घरगुती उपचारांचे काम नाही. त्याला रुग्णालयात किंवा पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे.

ओआरएस इतके परिणामकारक का?

जुलाबात आतडे पाणी शोषत नाही असे वाटते. प्रत्यक्षात एक दार उघडेच असते. आतड्याच्या पेशींवरील एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागे पाणीही ओढले जाते. बहुतेक जुलाबांत ही यंत्रणा शाबूत राहते. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मीठ पुरेसे पडत नाही. मीठ आणि साखर ठराविक प्रमाणात एकत्र असावी लागतात.

याची सर्वांत कठीण परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने उपचार सुरू केले. ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आज वापरात असलेले ओआरएस त्याहून सौम्य आहे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मीठ आणि साखर कमी केलेल्या मिश्रणाची शिफारस केली. त्याने शौचाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी, तर सलाइनची वेळ येण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी कमी होते. सोबत झिंक दिल्यास आजाराचा काळ साधारण एकचतुर्थांशाने कमी होतो.

तरीही २०१९-२१ मध्ये देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांनाच ओआरएस मिळाले. झिंक मिळाले ३०.५ टक्के मुलांना. दोन्ही औषधे स्वस्त आहेत आणि सरकारी केंद्रांत मोफत दिली जातात.

दुकानातील प्रत्येक ‘ओआरएस’ खरे असते का?

नाही. गेली काही वर्षे फळांच्या रसासारखी गोड पेये नावात ‘ओआरएस’ लावून, अनेकदा औषधांच्या दुकानातच विकली जात होती. त्यांत साखर जास्त आणि क्षार अपुरे असतात. जास्त साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली.

खऱ्या ओआरएसच्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. एक लिटरच्या पाकिटात एकूण २०.५ ग्रॅम भुकटी असते. ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकणे किंवा चवीसाठी साखर घालणे धोक्याचे आहे. द्रावण चोवीस तासांत वापरावे, उरलेले फेकून द्यावे.

घरी नेमके काय करावे?

जुलाब सुरू होताच पाणी भरून काढायला सुरुवात करावी, शरीर कोरडे पडण्याची वाट पाहू नये. आठ किलोच्या बाळाच्या वजनाचा दहावा भाग म्हणजे अवघे ८०० मिलिलिटर, साधारण चार पेले पाणी. तेवढे गेले की बाळ गंभीर अवस्थेत पोहोचते.

* दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस द्यावे. त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर.
* चमच्याने, थोडे थोडे द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश द्यावे.
* पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून द्यावे. भाताची पेज, ताक, वरणाचे पाणीही चालते.
* झिंकची गोळी चौदा दिवस द्यावी. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी मध्येच बंद करू नये.
* आईचे दूध थांबवू नये, उलट जास्त वेळा पाजावे.
* सहा महिन्यांवरील बाळाला मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेले केळे, मुगाचे घट्ट वरण असे अन्न सुरू ठेवावे. खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप घालावे.
* जुलाब थांबवणारी मोठ्यांची औषधे मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. बहुतेक जुलाबांत त्यांचा उपयोग नसतो.

बाळ काहीच पीत नसेल, सुस्त पडले असेल, प्रत्येक घोट उलटून टाकत असेल, डोळे किंवा टाळू खोल गेली असेल, शौचात रक्त असेल, ताप असेल किंवा जुलाब चौदा दिवस लांबले असतील, तर विनाविलंब दवाखाना गाठावा.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा कोणता?

जुलाब थांबल्यानंतरचे दोन आठवडे. आजार गेला की घरचे निर्धास्त होतात आणि दवाखान्याच्या दृष्टीनेही रुग्ण बरा झालेला असतो. पण बाळाचे गमावलेले वजन परत आलेले नसते. भूक परत येते ती याच दिवसांत आणि शरीर नेहमीपेक्षा वेगाने वाढू शकते तेही याच दिवसांत. म्हणून उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांनुसार जुलाब थांबल्यावर किमान दोन आठवडे बाळाला रोज एक जादा जेवण द्यावे.

ही एक वाटी चक्र तोडते. पण ती पाकिटात मिळत नाही. सकाळी मजुरीला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या आईने दिवसातून पाच-सहा वेळा बाळाला ताजे अन्न भरवावे, असे सांगणे सोपे आहे. तिच्याकडे वेळ, डाळ आणि तेल आहे का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून हा टप्पा केवळ आईच्या जागरूकतेवर सोडता येत नाही.

शुद्ध पाणी आणि शौचालये दिली की प्रश्न सुटेल?

काही प्रमाणातच. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे या देशांत हजारो कुटुंबांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ आणि २०१९ मध्ये आले. पाण्याचे क्लोरिनीकरण, सुधारित शौचालय, हात धुण्याची सोय या उपायांनी बांगलादेशात जुलाब कमी झाले, इतर दोन ठिकाणी झाले नाहीत. मुलांची उंची मात्र केवळ या उपायांनी कुठेच वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या गटांत ती थोडी वाढली.

यावरून स्वच्छता निरुपयोगी असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. घरापुरते शौचालय आणि क्लोरिनची बाटली एवढ्याने बाळाभोवतीचे जंतू पुरेसे घटत नाहीत, हा त्यातला धडा. सारा पाडा स्वच्छ झाला, नळाला खात्रीचे पाणी आले आणि रांगणाऱ्या बाळाखालची जमीन स्वच्छ राहिली, तर परिणाम वेगळा दिसू शकतो.

लशीबाबतही असेच आहे. मुलांतील तीव्र जुलाबांचे मोठे कारण असलेल्या रोटाव्हायरसवरील लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०१९ पर्यंत देशभर पोहोचली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात ती तोंडाने दिली जाते. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे झालेल्या ‘रोटाव्हॅक’च्या चाचणीत तीव्र आजारापासून सुमारे ५५ टक्के संरक्षण दिसले. श्रीमंत देशांत तोंडाने द्यायच्या रोटाव्हायरस लशींचा परिणाम याहून बराच जास्त दिसतो. या फरकामागे सतत सुजलेले आतडे आणि कुपोषण हीही कारणे असावीत, असे संशोधक मानतात. तरीही आजारांची संख्या पाहता ही लस अनेक जीव वाचवते.

सरकारी यंत्रणेत काय आहे आणि काय हवे?

तरतुदी कमी नाहीत. अंगणवाडीत दरमहा वजन होते आणि ते ‘पोषण ट्रॅकर’ या अॅपवर नोंदवले जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ दरम्यान असेल तर मध्यम कुपोषित धरले जाते. गावात ग्राम बाल विकास केंद्र आणि त्यावर बाल उपचार केंद्र व पोषण पुनर्वसन केंद्र अशी रचना आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार, तर मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात. केंद्र सरकारचा २०१४ पासून चाललेला अतिसार नियंत्रण पंधरवडा २०२४ मध्ये दोन महिन्यांच्या मोहिमेत बदलला.

अडचण सांध्यावर आहे. जुलाबावर उपचार आरोग्य विभाग करतो, वजन महिला व बालविकास विभाग पाहतो, पाणी तिसऱ्याकडे असते. बाळ मात्र एकच असते. आशाताईने जुलाबाची नोंद केली, त्याच दिवशी ती अंगणवाडीताईपर्यंत पोहोचली, दंडाचा घेर लगेच मोजला गेला आणि पुढचे दोन आठवडे त्या बाळाच्या वाटणीचे जादा जेवण अंगणवाडीतून निघाले, तर चक्र तिथेच थांबू शकते. महिन्यातून एकदा होणाऱ्या वजनाची वाट पाहिली, तर ते दोन आठवडे निघून गेलेले असतात. स्थलांतरित कुटुंबांसाठी हीच साखळी वीटभट्टीपर्यंत आणि उसाच्या फडापर्यंत न्यावी लागेल.

मृत्यूनंतरच्या नोंदीतही बदल शक्य आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रमाणपत्राचा दुसरा भाग त्यासाठीच आहे. दगावलेल्या प्रत्येक बाळाचे अखेरचे वजन, दंडाचा घेर आणि गेल्या सहा महिन्यांत त्याला किती वेळा जुलाब झाले, एवढे तीन तपशील नोंदवले गेले, तर ‘कुपोषण की आजार’ या वादाला फारशी जागा उरणार नाही. शिवाय पुढच्या पावसाळ्यापूर्वी कोणत्या पाड्यात आधी पोहोचायचे, हेही त्याच नोंदीतून कळेल.